'वय झालं' म्हणून मागे पडलेला आजार

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने एका दुपारी तीनदा चहा टाकला आणि तिन्ही वेळा विचारलं, "तू घेतलास ना रे चहा?" आम्ही म्हणालो, वय झालं. पुढे एकदा जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन निघालेली आत्या रोजच्याच वळणावर घर कुठलं ते आठवत उभी राहिली. तेव्हा कुठे आम्हाला डॉक्टर आठवले.

'साठी बुद्धी नाठी', 'म्हातारचळ' हे शब्द आपल्या तोंडात इतके रुळलेत, की खूण दिसली तरी ती आजाराची वाटत नाही. या आजाराला आज आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. हा शब्द तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. पण तिथे तो रागातून होणाऱ्या बुद्धिनाशाच्या वाटेवरचा टप्पा आहे, आजाराचं नाव नव्हे.

वैद्यकशास्त्रालाही हे उमगायला वेळ लागला. १९०१ साली, म्हणजे आपलं ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं त्याच वर्षी, फ्रँकफर्टच्या रुग्णालयात औगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेलं बोलणं लिहून ठेवलं. ताटात फ्लॉवर आणि मांस होतं, पण काय खातेस असं विचारल्यावर ती म्हणाली, पालक. नवऱ्याचं नाव विचारलं, तर स्वतःचंच सांगितलं. १९०६ मध्ये ती गेल्यावर अल्झायमर यांना तिच्या मेंदूत प्रथिनांचे साठे आणि पेशींतल्या तंतूंच्या गाठी दिसल्या. १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरचं नाव दिलं, पण ते तुलनेने तरुण रुग्णांपुरतंच राहिलं. सत्तरीतल्या माणसाचा तोच त्रास म्हातारपणाच्या खाती जमा होत राहिला. दोन्ही एकच आजार आहेत, हे अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठासून मांडलं. आपल्या घरांत मात्र ते अजून पोचलेलं नाही.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, साध्या वस्तूचं नाव न सुचणं, नेहमीची भाजी करताना पुढची पायरी हरवणं, संशय घेणं, हे वाढत चाललं तर दाखवायलाच हवं. थायरॉईड किंवा बी-१२च्या कमतरतेनेही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आत्याची तपासणी झाली, तेव्हा चहाच्या त्या दुपारला दोन वर्षं उलटून गेली होती.