गोल्फमध्ये अडथळ्यापासून विनादंड रिलीफ: कधी मिळतो, कसा घ्यायचा

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर खेळा नाहीतर खारघरला सिडकोच्या कोर्सवर, कधी ना कधी चेंडू सिमेंटच्या वाटेवर जाऊन थांबतोच. तिथून रिलीफ घ्यायला, म्हणजे दंड न पडता चेंडू उचलून दुसऱ्या जागेवरून खेळायला, कुणाची परवानगी लागत नाही. पात्रता मात्र आपली आपण तपासायची असते.

रेक (वाळू सारखी करायचं दाताळं), बाटली अशी हलवता येणारी वस्तू सरळ उचला. त्यात चेंडू हलला तर मूळ जागी ठेवा, दंड नाही. वाट, स्प्रिंकलर, विजेची पेटी यांना गोल्फच्या नियमावलीतला नियम १६.१ लागतो. चेंडू त्यांना टेकला असेल किंवा तुमच्या उभं राहण्यात, स्विंगमध्ये त्या आड येत असतील, तरच रिलीफ. नुसत्या समोर दिसतात म्हणून नाही. खेळाची रेषा (चेंडू ज्या दिशेने जाणार ती) फक्त चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, असेल तेव्हा धरतात. पेनल्टी एरियात (तळं, ओढा अशा आखून दिलेल्या भागात) हा रिलीफ नाहीच. हद्द दाखवणारी भिंत, कुंपण किंवा खुंटी नियमानुसार अडथळा ठरत नाही. ती खुंटी उपटायचीही नाही. इथे खूप जण फसतात.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यालाही हाच नियम, पण पाणी डोळ्यांना दिसायला हवं. नुसता चिखल चालत नाही. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) फुकट रिलीफ बंकरमध्येच. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक (फटका) दंड.

आता मुख्य काम: अडथळा पूर्ण सुटेल असा सर्वांत जवळचा बिंदू शोधणं. जवळचा, सोयीचा नव्हे. चेंडू वाटेच्या मधोमध असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो बहुधा डाव्या बाजूला मिळतो, कारण उजवीकडे गेल्यास पाय वाटेवरच राहतात. तिथे झुडूप असलं तरी बिंदू तोच. म्हणून चेंडू उचलण्याआधी जागा बघा. उचलून विचार बदललात आणि परत ठेवलात, तर एक स्ट्रोक जातो.

त्या बिंदूपासून एक क्लबलांबी मोजा (ग्रीनवर वापरायचा पटर सोडून तुमचा सर्वांत लांब क्लब), होलच्या जवळ न जाता. गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू ड्रॉप करा, म्हणजे हातातून सोडा. चेंडू त्या जागेबाहेर गेला तर पुन्हा ड्रॉप. तरीही गेला, तर दुसऱ्यांदा जिथे टेकला तिथे ठेवा. चुकीच्या जागेवरून खेळल्यास स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोक दंड.

कागदपत्रांत एकच महत्त्वाचं: स्कोअरकार्डामागचे किंवा नोटीस बोर्डावरचे स्थानिक नियम. सुरुवातीलाच वाचा, कारण एखादी वाट स्पर्धा किंवा कोर्स चालवणाऱ्या कमिटीने कोर्सचाच भाग ठरवलेली असू शकते. मग रिलीफ नाही. स्ट्रोक प्लेमध्ये शंका राहिली तर दोन चेंडू खेळता येतात. कोणता मोजायचा ते आधी सांगा आणि कार्ड देण्यापूर्वी कमिटीला कळवा. न कळवल्यास स्पर्धेतून बाद.