जमिनीतल्या जिवाणूंचा आहार: नोंदींमागचा इतिहास

जिवाणूच्या वर्णनात ‘सक्सिनेटवर वाढतो, लॅक्टोजवर नाही’ अशी नोंद असते, म्हणजे सक्सिनेट हा सेंद्रिय आम्लाचा क्षार त्याचं अन्न होतो, लॅक्टोज ही दुधातली साखर होत नाही. तिचं मूळ बरंचसं हॉलंडमधल्या डेल्फ्टला सापडतं. तिथे १९०१ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १०० मिलि पाण्यात २ ग्रॅम मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) आणि ०.०२ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट विरघळवलं, नत्र मुद्दाम टाळलं आणि बागेतली थोडी माती घातली. द्रावणाचा थर उथळच हवा. खोल भांड्यात तळाशी हवा पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणारा क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू माजतो. अशा उपाशी द्रावणातून त्यांनी हवेतलं नत्र वापरणारा अ‍ॅझोटोबॅक्टर वेगळा काढला.

डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेन डोरेन डी योंग यांनी १९२६ मध्ये उलट वाट धरली. जिवाणू ठरलेला, आणि त्याच्यापुढे एकेक करून सुमारे २०० सेंद्रिय पदार्थ. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीचे स्टॅनियर, पॅलेरोनी आणि डाउडोरॉफ यांनी सुडोमोनास या जिवाणूचे २६७ वाण १४६ पदार्थांवर तपासले. काही वाण शंभराहून अधिक पदार्थ पचवणारे निघाले.

चाचणी दिसायला सोपी: क्षार, अमोनियम (नत्रासाठी) आणि कर्बाचा (कार्बनचा) एकच पदार्थ. पण माध्यम घट्ट करणाऱ्या अगारमध्येच थोडा कर्ब असतो, त्यामुळे पदार्थ न घातलेल्या प्लेटवरही फिकट वाढ दिसते. ती कोरी प्लेट शेजारी नसेल तर निकालाला काडीची किंमत नाही. पोषक माध्यमातले जिवाणू न धुता लावले, तरी तीच फसगत. अमोनियम वापरताना माध्यम आम्ल होत जातं. आम्लता आवरणारा फॉस्फेट बफर कमी असेल तर कर्ब शिल्लक असूनही वाढ थांबते.

नत्राची चाचणी त्याहून किचकट. अमिनो आम्लात कर्बही असतो, म्हणून सोबत सक्सिनेट द्यावं लागतं. अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही असले तर बहुतेक जिवाणू अमोनियम आधी संपवतात, कारण नायट्रेटपासून अमोनिया करायला आठ इलेक्ट्रॉन मोजावे लागतात.

शेतात हे दोन्ही हिशेब एकत्र येतात. कर्ब:नत्र २४:१ च्या आसपास असेल तर जिवाणूंचं भागतं. उसाच्या पाचटात ते १००:१ च्या घरात असू शकतं. टनाला ८ किलो युरियाची शिफारस त्यासाठीच, त्यातून ३.७ किलो नत्र मिळतं. तो न टाकता पाचट मातीत मिसळलं, तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो.