लूप-नियंत्रणाची नवी रचना सुचवणे

लूप (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) मध्येच थांबवणे, एक फेरी सोडून पुढे जाणे किंवा आतल्या लूपमधून थेट बाहेरच्या लूपबाहेर पडणे यासाठी प्रोग्रामिंग भाषेत नवे व्याकरण आणण्याची प्रक्रिया. पायथनमध्ये ती ‘पेप’ (भाषेतल्या बदलाचा लेखी प्रस्ताव) या दस्तऐवजामार्फत चालते. मांडणारा कोअर डेव्हलपर (पायथनच्या मूळ कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेला) नसेल तर स्पॉन्सर, म्हणजे प्रस्तावाला मार्गदर्शन करणारा पाठीराखा, शोधावा लागतो. निकाल २०१९ पासून स्टिअरिंग कौन्सिल या निवडून आलेल्या समितीकडे असतो.

गरज पडते ती बहुधा एकात एक लूप आल्यामुळे. इंदूरच्या बसमार्गांची यादी घ्या : बाहेरचा लूप मार्गांचा, आतला थांब्यांचा. राजवाड्यावर थांबणारा पहिला मार्ग सापडला की दोन्ही लूप संपायला हवेत, पण ‘ब्रेक’ फक्त आतला तोडतो. मग फ्लॅग, म्हणजे ‘सापडले’ अशी खूण ठेवणारे व्हेरिएबल, ठेवतात. तो बाहेर तपासायचा राहिला, तर शोध चालूच राहतो आणि पहिल्याऐवजी शेवटचा जुळणारा मार्ग हाती येतो. चाचणीच्या यादीत एकच मार्ग जुळत असेल, तर ही चूक दिसतही नाही.

जावा व रस्टमध्ये लूपला लेबल देऊन ‘ब्रेक’ला ते नाव सांगता येते. पीएचपीत ‘ब्रेक २’ असा आकडा चालतो. मात्र मध्ये आणखी एखादा लूप किंवा ‘स्विच’ (अनेक पर्यायांतून निवडणारी रचना) घातला की तोच आकडा एरर न देता भलतीकडे थांबतो. आकड्याच्या वाटेला न जाणेच बरे.

पायथनसाठी लेबलचा प्रस्ताव (पेप ३१३६) मॅट चिझम यांनी २००७ मध्ये मांडला, पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी तो त्याच वर्षी फेटाळला. इतका गुंतागुंतीचा कोड क्वचितच लागतो आणि सोय दिली तर गैरवापरच जास्त होईल, असे त्यांचे म्हणणे. वरचे बसचे उदाहरणही याच आक्षेपात सापडते : शोध फंक्शनमध्ये (कोडच्या वेगळ्या, नाव दिलेल्या तुकड्यात) घालून ‘रिटर्न’ केले की सगळे लूप एकदम संपतात आणि फ्लॅगची गरजच उरत नाही. म्हणून प्रस्तावात हाताने रचलेली उदाहरणे टिकत नाहीत. चालू प्रकल्पांतला असा कोड दाखवावा, जिथे फंक्शन वेगळे काढले तर चार-पाच व्हेरिएबल्सची ने-आण करावी लागते.

नवा कीवर्ड, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखलेला शब्द, महागात पडतो. पायथन ३.७ मध्ये ‘असिंक’ राखीव झाला, तेव्हा त्या नावाचे पॅरामीटर असलेल्या लायब्रऱ्या मोडल्या. ३.१० मधला ‘मॅच’ सॉफ्ट कीवर्ड (ठरावीक जागीच कीवर्ड ठरणारा शब्द) असल्यामुळे त्या नावाचे जुने व्हेरिएबल चालू राहिले.

खरी कसोटी लागते ती बारकाव्यांत : बाहेर पडताना वाटेतले ‘विथ’ आणि ‘फायनली’ (बाहेर पडताना हमखास आवराआवर करणारे भाग) आतून बाहेर कोणत्या क्रमाने उरकायचे, कोणत्या लूपचा ‘एल्स’ (‘ब्रेक’ न होता लूप संपला तरच चालणारा भाग) वगळायचा, आतल्या फंक्शनमधून बाहेरचे लेबल वापरल्यास कोणती एरर द्यायची. हे लेखी ठरलेले नसेल तर निस्तरायला वर्षे जातात. ‘फायनली’तल्या ‘कंटिन्यू’वरची (थेट पुढच्या फेरीकडे नेणारी आज्ञा) बंदी पायथनने ३.८ मध्ये उठवली, ३.१४ पासून ‘फायनली’तून बाहेर उडी मारणाऱ्या ‘ब्रेक’, ‘कंटिन्यू’ व ‘रिटर्न’वर सिंटॅक्स वॉर्निंग येते.