जुहू आणि सांताक्रूझ: आखूड धावपट्टीच्या वादाची पार्श्वभूमी

जुहू विमानतळाची आखूड धावपट्टी समुद्रात लांबवावी की नाही, असा हा वाद आहे. समुद्राकडून मुंबईत उतरणाऱ्या वैमानिकाला आधी जुहूची धावपट्टी लागते, मग सांताक्रूझची, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाची. जुहूचा आकडा 08, सांताक्रूझचा 09. म्हणजे होकायंत्रावर एक साधारण 80 अंशांवर, दुसरी 90 वर. वरून बघणाऱ्याला दोन्ही एकाच रेषेत आखल्यासारख्या वाटतात. फरक लांबीचा. जुहूची 1,143 मीटर, सांताक्रूझची मुख्य धावपट्टी तिच्या जवळजवळ तिप्पट.

जुहूचा विमानतळ 1928 चा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आलेलं जे. आर. डी. टाटांचं छोटं विमान इथेच उतरलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या काळात पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा आणि टपालसेवा पुण्याला हलवावी लागायची, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. युद्धकाळात सांताक्रूझ उभा राहिला, युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुहू बंद झाला नाही. फ्लाइंग क्लब राहिला, आणि पुढे समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचा तो तळ झाला.

दोन विमानतळ इतके लगत ठेवण्याची किंमत लवकरच कळली. 15 जुलै 1953 रोजी कॉमेट जातीचं एक ब्रिटिश प्रवासी जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. भर पावसाळ्यात आणि एवढ्या आखूड पट्टीवर ते थांबलं, हेच नवल. काही दिवसांनी ते तिथूनच उडवून नेलं. 24 सप्टेंबर 1972 रोजी लंडनहून टोकियोला निघालेल्या जपानी डीसी-8 या प्रवासी विमानाने तीच गफलत केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. वैमानिकाची नजर चुकली एवढं म्हणून विषय मिटवता येतो. पण एकोणीस वर्षांच्या अंतराने दोन अनुभवी चमू त्याच जागी तसेच चुकतात, तेव्हा जागेलाही जाब विचारायला हवा. लंडनकरांनी हीथ्रो आणि नॉर्थोल्टच्या अशाच घोळावर वाटेतल्या गॅसच्या टाक्यांवर दोन विमानतळांची भलीमोठी आद्याक्षरं रंगवली होती. उपाय गावठी, पण वैमानिकाला खिडकीतून दिसणारा.

उपग्रहाच्या जमान्यात असं होत नाही, असं मानायचं कारण नाही. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेत ब्रॅन्सनला निघालेलं बोइंग 737 शेजारच्या छोट्या विमानतळावर उतरलं. त्या धावपट्टीची लांबी साधारण 1,140 मीटर, म्हणजे थेट जुहूएवढी.

जमिनीवरच्या चुकांचा इतिहास वेगळा आणि जास्त रक्तरंजित आहे. छोट्या विमानतळावर बऱ्याचदा समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला धावपट्टीपर्यंत नेणारा रस्ता, नसतो, किंवा असून भरलेला असतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत टोक गाठावं लागतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. 1977 मध्ये तेनेरिफला दाट धुक्यात नेमकं हेच चाललं होतं, दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. 2001 मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर एक छोटं सेसना धुक्यात भलत्या टॅक्सीवेला लागून धावपट्टीवर आलं आणि उड्डाण करणारं प्रवासी विमान त्यावर आदळलं, 118 मृत्यू. तिथे जमिनीवरच्या खुणा धड नव्हत्या आणि ग्राउंड रडार चालू नव्हतं. टॅक्सीवे जिथे धावपट्टीला मिळतो तिथे चार पिवळ्या रेघा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग बाजूने येणाऱ्याने टॉवरची परवानगी मिळेपर्यंत थांबायचं, तुटक बाजूने येणाऱ्याने थेट पलीकडे जायचं. एवढ्या साध्या खुणेवर सगळा डोलारा उभा आहे आणि मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्याखाली तीच दिसेनाशी होऊ शकते.

आता मूळ वादाकडे. 2010 च्या सुमारास जुहूची धावपट्टी पश्चिमेला जुहू तारा रोड ओलांडून समुद्रात न्यायचा प्रस्ताव पुढे आला. सांताक्रूझवरचा भार हलका व्हावा, छोटी प्रवासी विमानं जुहूला उतरावीत, हा हेतू. समर्थकांचं एक म्हणणं बिनतोड वाटतं: लांबी वाढली की थांबायला जागा वाढते, म्हणजे सुरक्षा वाढते. कागदावर खरं. व्यवहारात वाढलेली लांबी मोठं विमान खाऊन टाकतं. आज 1,143 मीटरवर जे विमान आरामात थांबतं, त्याच्यासाठी कुणी समुद्रात खांब रोवणार नाही. नवं विमान नव्या लांबीला पुरतं बसेल असंच निवडलं जाईल, आणि टोकाशी राखीव जागा होती तेवढीच राहील.

मंगळूरला 2010 मध्ये 158 आणि कोळिकोडला 2020 मध्ये 21 जण गेले. दोन्हीकडे विमान धावपट्टीचं टोक ओलांडून उतारावरून खाली गेलं. धावपट्टीपुढच्या राखीव पट्ट्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत किमान 90 मीटर आहेत, मोठ्या धावपट्ट्यांना 240 ची शिफारस आहे. कोळिकोडला हा पट्टा वाढवण्यासाठी धावपट्टीच आखूड करायचं घाटत होतं. मोठी विमानं येणार नाहीत म्हणून स्थानिकांनी विरोध केला आणि ते मागे पडलं. लांबी एकदा वापरायला दिली की परत मागता येत नाही, याचं इतकं ताजं उदाहरण असताना जुहूच्या चर्चेत ते अभावानेच येतं.

शिवाय जुहूची पट्टी जितकी लांब, तितकी ती वरून सांताक्रूझसारखी दिसणार. हेलिकॉप्टरं सांताक्रूझच्या उतरण्याच्या वाटेखालून, ठरलेल्या कमी उंचीवरून ये-जा करतात आणि दोन्ही टॉवरना त्यासाठी मेळ घालावा लागतो. त्यात ठरावीक वेळेला येणारी प्रवासी विमानं घातली की हा मेळ कोण आणि कसा सांभाळणार, याचं उत्तर प्रस्तावाबरोबर यायला हवं होतं.

विस्ताराच्या बाजूने सप्टेंबर 2023 चा अपघातही पुढे केला जातो. सांताक्रूझला मुसळधार पावसात एक खासगी जेट धावपट्टीवरून घसरून मोडलं. आतले आठही जण वाचले. अशा छोट्या जेटना वेगळी जागा हवी, हा मुद्दा रास्त आहे. पण ओल्या धावपट्टीवर घसरणाऱ्या जेटला समुद्रात काढलेलं टोक द्यायचं, हा त्यावरचा तोडगा कसा, ते कळत नाही. 2025 मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे या जेटसाठी जुहूकडे बोट दाखवण्याची गरजही कमी झाली आहे.