गॉगल बंद झाला म्हणजे नेमकं काय बंद झालं? एक्स मेटल आणि सुट्या पार्टची पार्श्वभूमी

ओकली या अमेरिकन गॉगल कंपनीची एक्स मेटल ही धातूच्या गॉगलची रेंज २०१२ च्या सुमारास बंद झाली हे जुने शौकीन लगेच सांगतात, पण बंद झाली म्हणजे काय असं विचारलं की प्रत्येकाची तारीख वेगळी निघते. कुणी कारखान्यातली शेवटची फ्रेम धरतो, कुणी दुकानातली शेवटची जोडी, आणि ज्याच्या गॉगलचं रबर गेलंय तो म्हणतो माझ्यासाठी तर परवा बंद झाला. खरं सांगायचं तर तोच बरोबर आहे. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नाही जात. पूर्वीच्या धातूच्या फ्रेमला होतं काय, दोन बिजागऱ्या, चार-सहा बारीक स्क्रू आणि नाकाचे दोन पॅड. यातलं काहीही गेलं तर कुठलाही चष्मेवाला डब्यातून जवळपास तसंच काढून बसवायचा, कंपनी जिवंत आहे की मेली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. काच फुटली तर दुसरी घासून बसवायची, विषय संपला. पार्ट मिळत नाहीत ही तक्रार तेव्हा नव्हतीच असं नाही, पण त्यावरून गॉगल मरत नव्हता.

१९९७ मध्ये एक्स मेटलचं पहिलं मॉडेल रोमियो आलं आणि हे गणित बदललं. टायटॅनियमच्या मिश्रधातूची ओतलेली फ्रेम, नेवाडातल्या स्वतःच्या कारखान्यात केलेली, आणि गंमत म्हणजे ती अखंड नव्हती. दोन काचांच्या दोन वेगळ्या कड्या, मध्ये नाकावरचा सांधा, त्यात पिना आणि रबर, तसंच काडी जिथे फ्रेमला मिळते तिथे फ्लेक्स कपलर नावाचा एक तुकडा आणि परत रबर. म्हणजे डोक्याच्या आकाराप्रमाणे गॉगल स्वतःच वळणार, अशी कल्पना. १९९८ ला मार्स, १९९९ ला ज्युलिएट, पुढे पेनी वगैरे. २००० सालच्या एका गाजलेल्या हॉलिवूड अ‍ॅक्शनपटात रोमियो झळकला आणि मग काय विचारता. डिझाइन म्हणून आजही मला याच्या तोडीचं काही दिसत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाच्या बाजूने बोलतोय ते तुम्हाला कळेल.

पण ज्या रबरामुळे ही फ्रेम हलते तेच रबर झिजतं. ज्युलिएट हातात घेऊन एक कडी दोन बोटांत आडवी धरा आणि दुसरी सोडून द्या. रबर ताजं असेल तर ती जागच्या जागी राहते, गेलेलं असेल तर मान टाकते. ऑनलाइन विकणारे "टाइट आहे" असं जे लिहितात ते याच्याबद्दल. रेंज चालू होती तोवर गॉगल परत पाठवला की कंपनी तो कसून द्यायची, रबर-पिना बदलून, याला ट्यूनिंग म्हणायचे. म्हणजे हा सांधा अधूनमधून दुरुस्त करावा लागणार हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आता तो "डिसकंटिन्यूड", म्हणजे "बंद झालं", हा शब्द. यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्यात. पहिली, उत्पादन थांबणं, म्हणजे साचे बाजूला पडले, भट्टी थंड झाली. दुसरी, विक्री थांबणं, ही बरीच नंतर होते कारण गोदामात माल असतो, आणि उलट बंद होतंय म्हटल्यावर तो जास्तच खपतो. तिसरी, पार्ट आणि दुरुस्ती थांबणं. पहिल्या दोन्हींची काहीतरी बातमी होते, निदान कॅटलॉगमधून नाव गेलं की कळतं, तिसरीची कधीच होत नाही. ती टप्प्याटप्प्याने येते, आधी एखाद्या रंगाच्या काचा संपतात, मग कानाकडची रबरी आवरणं, मग पिना, आणि एक दिवस सर्व्हिसवाला म्हणतो हे मॉडेल आता आम्ही घेत नाही, त्याऐवजी नव्या गॉगलवर सवलत देतो. सवलत कुणाला हवीय! माणसाने गॉगल पाठवलेला असतो दोन मिलिमीटरच्या रबरासाठी.

वॉरंटीचा घोळ इथेच होतो. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाला असते, झिजेला नाही, आणि रबर झिजणं म्हणजे झीजच. त्यामुळे कागदावर कंपनीने काहीच मोडलेलं नसतं. तरी मला विचाराल तर जो भाग झिजणार हे डिझाइनमध्येच ठरलंय त्याचा साठा किती वर्षं ठेवणार हे विकतानाच सांगायला हवं होतं, तेव्हाही आणि आताही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकून घेऊ: साठा ठेवायला जागा लागते, पैसा अडकतो, आणि रबर साठवून टिकत नाही. तिसरा मुद्दा खरा आहे, त्यावर येतोच.

२००७ मध्ये एका इटालियन समूहाने सुमारे २.१ अब्ज डॉलरला ओकली घेतली, आणि एक्स मेटल बंद व्हायचं खापर बहुतेक सगळे तिथेच फोडतात. मला ते अर्धंच पटतं. महाग ओतकाम, हाताने जुळवणी आणि परत येणारी दुरुस्ती असा माल कुठल्याही मालकाच्या डोळ्यात खुपलाच असता. पण योगायोग बघा, याच समूहाने १९९९ मध्ये बॉश अँड लोम्ब या अमेरिकन मालकाकडून रे-बॅन घेतलं होतं, आणि तिथेही जुन्या जोड्यांचं वेगळं विश्व तयार झालंच. जुन्या काचेच्या कडेला बारीक "बीएल" कोरलेलं असतं, नव्यावर "आरबी". काच बदलली की ते अक्षर जातं आणि संग्राहकाच्या लेखी अर्धा गॉगल जातो. शिवाय रे-बॅनच्याच वेफेअरर नावाच्या मॉडेलचा घोटाळा आहेच: १९५२ चं मॉडेल, २००१ मध्ये लहान आणि कमी तिरकं केलं, मग २००७ मध्ये जुना आकार परत आणला. नाव तेच, माप वेगळं, त्यामुळे "वेफेअररची काच" मागवली आणि बसलीच नाही असं होतं. काडीच्या आतला मॉडेल नंबर वाचल्याशिवाय काही मागवू नका.

रबराकडे परत. ओकलीचं सुप्रसिद्ध रबर घामाने निसटण्याऐवजी जास्त घट्ट धरतं, १९७५ मध्ये मोटरसायकलच्या हँडलच्या ग्रिपपासून त्यांची सुरुवातच या मटेरियलवर झाली. आता गॉगल कुठल्याही कंपनीचा असो, त्वचेचं तेल, सनस्क्रीन, उष्णता आणि हवेतली आर्द्रता मिळून रबर हळूहळू तोडतात, काही कडक होऊन तडकतात, काही उलट मऊ चिकट होतात. माझ्याकडच्या एका जुन्या जोडीचे (कंपनी कुठली ते राहू दे) नाकाचे पॅड डबीत ठेवल्या ठेवल्या असे वितळल्यासारखे झाले की पुसायच्या कापडाचे धागे त्यात रुतून बसले, चार वर्षं घातलाही नव्हता.

म्हणूनच "न्यू ओल्ड स्टॉक" म्हणजे सीलबंद जुना माल या शब्दाकडे मी जरा संशयाने बघतो. काच असेल तर उत्तम, पिन असेल तर फारच उत्तम, पण रबर असेल तर ते पाकिटातही म्हातारं होतच असतं. पंधरा वर्षांपूर्वीचं ओरिजिनल रबर आणि गेल्या वर्षी कुणीतरी बाहेर बनवलेलं रबर यात घालायला दुसरं बरं, संग्रहात ठेवायला पहिलं. दोन वेगळे ग्राहक आहेत हे, आणि दोघेही एकाच शब्दावरून भांडतात.

हे बाहेरचे पार्ट बनवणं चोरी आहे का, यावरही फार धूळ उडते. अमेरिकेत साध्या पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं, म्हणजे नव्वदीच्या दशकातल्या सांध्याची तेवढी कल्पना आता कुणाचीही. ट्रेडमार्क मात्र चालवत राहिलं तर संपत नाही. त्यामुळे साधं रबर आणि पिन बिनधास्त मिळतात, काचा तर कित्येक छोटे उत्पादक कापून विकतात, पण काडीवरचा लोगो पडला तर तो रीतसर मिळणं संपलंच, जो मिळतो तो एकतर दुसऱ्या जोडीतून उपटलेला नाहीतर नकली.

नकलीवरून ब्राझील आठवलं. तिथे ज्युलिएट साओ पावलोच्या वस्त्यांमधल्या फंक संगीताचं चिन्ह होऊन बसलाय, लाडाचं नावसुद्धा आहे, "जुजू". मागणी प्रचंड आणि खरा माल थांबलेला, मग नकलांचा पूर आलाच. त्या नकलांचे पार्ट खऱ्या फ्रेमवर चढवलेल्या जोड्याही त्यामुळे बाजारात फिरतात.

कायद्याची मदत होईल असं वाटत असेल तर तूर्त विसरा. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीनचे बरेचसे पार्ट १० वर्षं पुरवणं बंधनकारक झालं, फ्रिजच्या दाराचं रबर तर खास नाव घेऊन १० वर्षं. गॉगल त्या यादीत नाही. फ्रिजच्या दाराला जे मिळालं ते नाकावरच्या सांध्याला नाही, यावर हसावं की रडावं.

तोवर चालू आहे ती एकच पद्धत, एक जोडी मोडून दुसरी उभी करायची. काच चरे पडलेली, फ्रेम घासलेली अशी जोडी स्वस्तात घ्यायची आणि तिचे कपलर, पिना काढून घ्यायच्या. यात एक गोष्ट सांभाळा. एक्स मेटलचा सिरियल नंबर काडीच्या आतल्या बाजूला असतो, पुढच्या कड्यांवर नाही, आणि इतक्या जोड्या उघडून जुळवल्या गेल्यात की काड्या एकीच्या आणि कड्या दुसरीच्या असं सर्रास सापडतं. विकणारा नंबरचा फोटो पाठवेल, त्याच्याकडे सांधा उघडून आतल्या पिनांचा फोटोही मागा.