कमी पटाच्या शाळा आणि ‘समायोजन’

कोकणातल्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी मिळून सात-आठ मुलं असणं आता नेहमीचं झालंय. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला गेली, मागे आजी-आजोबा राहिले. बीडकडची गोष्ट वेगळी. तिथे मुलं आहेत, पण दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पटावर नाव राहतं, वर्गात पोर नसतं.

२००० च्या आसपास वस्तीशाळा निघाल्या, त्या शाळा मुलाच्या दारात नेण्यासाठीच. नंतर शिक्षणहक्क कायद्यानेही साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आणि पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत ठरवली. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत बोगस पट उघडा पडला, ते बरंच झालं. पण तेव्हापासून प्रत्येक लहान पटाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरलं. सरकारी शब्द होता ‘समायोजन’. हा शब्द शिक्षकांच्या ओळखीचा. पट घटला की जादा ठरलेला शिक्षक दुसऱ्या शाळेत ‘समायोजित’ होतो, त्याची नोकरी टिकते. शाळेचं समायोजन झालं की मात्र वाडीतली शाळा जाते. कागदावर एक किलोमीटरवर असलेली दुसरी शाळा जुलैत भरून वाहणाऱ्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे असते. सहा वर्षांच्या पोरीला साकवावरून एकटीला कोण धाडणार?

कारण दिलं गेलं गुणवत्तेचं: दोन-चार मुलांत सोबत नाही, चुरस नाही, म्हणून मुलं मागे पडतात. सोबतीचा मुद्दा खरा आहे. पण चौथीत चारच मुलं असतील तर एकाला वाचता आलं नाही की पंचवीस टक्के ‘अप्रगत’. ते पोर कदाचित नुकतंच फडावरून परतलेलं असतं. त्यात एकच गुरुजी पाच वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरत असतात. या आकड्यावरून शाळेची किंमत ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ हा शब्द आला, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं दाखवली गेली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवण्याच्या, निकषांनी सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांवरची शिक्षकपदंच अडचणीत आणली.