गॅप चुकला की अँगल? मुलींच्या आइस हॉकीतला बचाव

पक (खेळाची रबरी चकती) घेऊन आलेली खेळाडू बचावपटूला चकवून गेली की बेंचवरून हमखास हाक येते: ‘जवळ जा!’ पुष्कळदा हीच सूचना घात करते. चूक अंतराची होती की दिशेची, हे पाहिलेलंच नसतं. बचावपटू आणि पकवाली यांच्यातल्या अंतराचं गणित म्हणजे गॅप, तिच्याकडे कुठल्या दिशेने जायचं याचं म्हणजे अँगलिंग. दोन्ही जमलं तर प्रतिस्पर्धी मधला पट्टा सोडून बोर्डकडे, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीकडे वळते, म्हणून गल्लत होते.

गॅप सांभाळताना बचावपटू बहुतेक वेळ उलटी स्केटिंग करते. मधल्या लाल रेषेजवळ साधारण दोन स्टिकचं अंतर, आपल्या ब्लू लाइनवर (जिथून आपला बचावाचा भाग सुरू होतो ती निळी रेषा) एक, आणि गोलजवळच्या फेसऑफ वर्तुळाच्या (जिथे पक टाकून खेळ सुरू करतात) वरच्या टोकाशी पोचेपर्यंत स्टिक पकला लागायला हवी. माप मीटरमध्ये सांगू नका. स्टिकची लांबी मुलीच्या उंचीप्रमाणे बदलते, तिची झेपही तशीच. स्टिक एका हातात, कोपर अंगाजवळ, नजर समोरचीच्या छातीवर. पककडे बघणारी मुलगी पहिल्याच हुलीला फसते.

गॅप तुटलेला दिसतो आपल्या ब्लू लाइनवर, पण तुटतो बराच आधी. आपला संघ पुढे चढाई करत असताना बचावपटू मागेच रेंगाळते, पक हातचा गेला की मधे चार-पाच स्टिकचं अंतर पडलेलं असतं. मग ती गोलपर्यंत मागे सरकत राहते आणि प्रतिस्पर्धीला निवांत शॉट मिळतो. तिला चढाईच्या मागोमाग वर यायला लावा आणि पक गेल्यावर समोरचीच्या वेगाशी वेग जुळवत उलटं वळायला शिकवा. दुसरी खोड म्हणजे पक खेचायला झेपावणं: वजन चवड्यांवर जातं, पाय थांबतात, समोरची बाजूने निघून जाते.

अँगलिंग सरळ स्केटिंगवर चालतं, मुख्यतः फोरचेक करताना, म्हणजे प्रतिस्पर्धीच्या भागात पक परत मिळवायला दबाव टाकताना. जायची रेषा वक्र, आतून बाहेर. पकवाली आत्ता आहे तिथे जायचं नसतं. ती बोर्डपाशी जिथे पोचेल तिथे गाठायचं. स्टिकचं पातं बर्फावर, मधला पास अडवणारं. शेवटच्या दोन-तीन ढांगांत क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) नको, कारण पाय एकमेकांवर असताना समोरची उलट वळली तर थांबता येत नाही. तिच्या कंबरेच्या किंचित मागे, आतल्या बाजूला राहायचं. पुढे गेलात तर ती पाठीमागून आत शिरते. पोचल्यावर आधी स्टिक पकवर, मग खांदा आणि कंबर पक व प्रतिस्पर्धी यांच्या मधे.

मुलींच्या वयोगटांत बहुतेक ठिकाणी बॉडी चेकिंगला (मुद्दाम अंगाने धडक देऊन अडवायला) परवानगी नसते, म्हणून इथे अँगलला जास्त महत्त्व. (1990 मध्ये ओटावात झालेल्या महिलांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ते चालत होतं, नंतर काढलं गेलं.) दोघीही पकसाठी झगडत असताना अंगाला अंग लागलं तर चालतं. अँगल बरोबर असेल तर दोघी एकाच दिशेने जात असतात आणि स्पर्श खांद्याला खांदा होतो. सरळ अंगावर गेलेली मुलगी काटकोनात आदळते, आणि पेनल्टी बॉक्समध्ये जाते. बोर्डपासून मीटरभरावरची धडक सगळ्यात धोक्याची. तिथे पाठमोऱ्या खेळाडूला लोटू नये, हे पहिल्या दिवसापासून सांगा.

निदान सोपं आहे. प्रतिस्पर्धी आतून, मधल्या पट्ट्यातून गेली तर बहुधा अँगल चुकला. दबावाशिवाय शॉट मारला, किंवा बाहेरून वेगात वळसा घालून गेली, तर गॅप. पहिल्या प्रकारात ‘जवळ जा’ म्हटलंत तर बचावपटू आणखी सरळ अंगावर जाईल.

दोन्ही कौशल्यं एकाच चालीत भेटतात ती जागा मात्र नाजूक आहे. पकवाली फेसऑफ ठिपक्यांच्या बाहेर वळली की बचावपटू पिव्होट करून, म्हणजे उलट्या स्केटिंगवरून वळून, सरळ होते. गॅप तिथे अँगल होतो. घाईने कंबर उघडली, म्हणजे बाहेरच्या बाजूला वळवली, तर आतली वाट मोकळी होते. पकवालीने बाहेरच्या बाजूला खरोखर वेग लावेपर्यंत थांबायचं.

सरावात अँगलिंग आधी घ्या. स्टिक उलटी, दांडा बर्फाकडे धरायला लावा. पातंच नसलं की पक खेचता येत नाही, पायांनीच वाट अडवावी लागते. चार-सहा फेऱ्यांनंतर स्टिक सरळ करू द्या. गॅपचा सराव त्यानंतर, उलटी स्केटिंग दोन्ही बाजूंच्या क्रॉसओव्हरसह जमू लागल्यावरच. तोवर एकास-एक लढतीत बचावपटूला मुद्दाम एक स्टिक जवळून सुरुवात करू द्या.